तळं मोडलं म्हणजे काय

आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा या एका उन्हाळ्यावरून मी सरळ उडी मारून पुढे गेलो होतो. कॉलेज झालं, नोकरी लागली, असं लिहून मोकळा झालो आणि कॉलेजातली ती मे महिन्याची सुट्टी गाळली. बायकोलासुद्धा ती गोष्ट कधी सांगितली नाही. गावतळ्यांचा विषय निघाला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठत असे. आता लिहितो आहे ते मन मोठं झालं म्हणून नव्हे. संताप आला म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात पुतणी मला एका ‘हेरिटेज वॉक’ला घेऊन गेली. जुने तलाव, ओढे, खाडीचे काठ दाखवणार होते. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, गळ्यात नावाच्या पट्ट्या. ठाकुर्लीच्या पुढे, खाडीच्या अंगाला, दोन उंच इमारतींच्या मध्ये एक कारंजं आहे, तिथे सगळ्यांना उभं करून एक मुलगी छोट्या भोंग्यातून सांगू लागली, “इथे पूर्वी गावतळं होतं. दुर्दैवाने स्थानिकांनीच ते नष्ट केलं. एका गावकरी बाईंनी तर ‘आम्हीच तळं मोडलं’ असं सांगितलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खेद नव्हता, त्या हसत होत्या.” लोकांनी च्च च्च केलं. एकाने कारंज्याचा फोटो काढला. ते वाक्य माझं होतं. त्यातल्या स्वल्पविरामासकट माझं होतं. मी ओरडलो, “हे खोटं आहे!” मुलगी नम्रपणे म्हणाली, “काका, हे आम्ही छापील संदर्भातून घेतलंय.” मागून कुणी तरी म्हणालं, “काकांना सावलीत बसवा, ऊन लागलंय.” मला ऊन लागलेलं नव्हतं. जन्मभर जे ऐकायची भीती वाटत होती ते टोपी घातलेल्या माणसांसमोर, भोंग्यातून ऐकायला मिळालं होतं.

तेव्हा आता नीट, पहिल्यापासून सांगतो.

आमचं घर डोंबिवलीत, दोन खोल्यांचं. पहाटे नळाला पाणी आलं की आख्खी इमारत जागी व्हायची. आधी नळातून हवेची शिट्टी, मग कुणाच्या तरी पत्र्याच्या पिंपात पहिली धार, मग जिन्यात कळशांची टक्कर आणि “अहो, तुमची बादली सरकवा की” अशी भांडणं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत मराठी शिकवत आणि घरी आल्यावरही ते बंद करत नसत. खाली कुणी “पानी आलं रे” अशी हाक दिली की तोंडात ब्रश असतानाच गॅलरीतून ओरडत, “पाणी! ण, ण!” मी जेवताना “काल कल्याणला गेलेलो” म्हणालो की त्यांचा भात कालवणारा हात थांबायचा. “गेलो होतो.” मी सुधारून म्हणेपर्यंत हात पुढे चालत नसे, आमटी निवत असे. ते दुष्ट नव्हते. भाषा मोडली की माणूस मोडतो असं त्यांना मनापासून वाटायचं. पण कौतुक करायला त्यांची जीभ वळत नसे. माझ्या निबंधांवर लाल शाई असायची, शेरा नसायचा.

मे महिन्याच्या सुट्टीत दर रविवारी अण्णा ‘पाणफेरी’ काढत. शेजारपाजारचे, शाळेतले, बँकेतले असे लोक जमत आणि सकाळच्या गाडीने निघत. कधी ठाण्याला मासुंदा तलावाच्या काठाने कौपिनेश्वराच्या देवळापर्यंत, कधी कल्याणला काळ्या तलावावरून दुर्गाडीच्या पायथ्याशी, कधी शहाडला उल्हासच्या पात्रात खडकांवरून चालत. “पावसाळ्यात कुठलंही डबकं तळं म्हणून मिरवतं,” अण्णा म्हणत, “तळं बघायचं तर मे महिन्यात.” अंबरनाथला देवळाच्या शेजारून वाहणाऱ्या वालधुनीचा रंग तेव्हा आठवड्यागणिक बदलत असे. मंडळी नाकाला रुमाल लावून देवळाचं शिल्प बघत, नदीबद्दल हळहळत आणि दुपारी घरी जाऊन आमरस खात. मीही त्यातलाच. माझ्या खांद्यावर पन्ह्याची पिशवी आणि थालीपिठांचा डबा असे. आई पहाटे उठून स्टोव्हवर ती थालीपिठं लावायची. स्टोव्हचा फरफर आवाज आणि भाजणीचा खमंग वास यांनीच माझ्या रविवारची सुरुवात व्हायची. त्या थालीपिठांपायी ती स्वतः एकाही फेरीला आली नाही, हे मला आत्ता लिहिताना सुचतं आहे.

जनार्दन माझा कॉलेजातला मित्र. सगळे त्याला जन्या म्हणत. ठाकुर्लीच्या पुढे खाडीकडे जे आगरी गाव होतं, तिथला. गावाचं नाव मी देत नाही. एकदा नाव छापून जे केलं ते पुरे. जन्या आमच्याशी आमच्यासारखं बोलायचा आणि घरच्या माणसांशी त्यांच्या बोलीत. एका वाक्यातून दुसऱ्यात इतक्या सहज जायचा, की मला हेवा वाटे. त्याची आई, पारूआय, धवलारीण होती. आगरी लग्नात धवला, म्हणजे विधींची गाणी, गाऊन लग्न लावणारी बाई म्हणजे धवलारीण. हळदीपासून वरातीपर्यंत तिच्या गाण्याशिवाय पान हलत नाही. पारूआयचा आवाज जाडसर, थोडा फाटका होता, पण तिने पहिली ओळ उचलली की मांडवातली भांडणं थांबत, असं जन्या अभिमानाने सांगायचा. “शऱ्या, तुझा बाप देवळं दाखवतो, तळी दाखवतो. माणसं कधी दाखवणार?” तो म्हणायचा. “आमच्या गावाला आण सगळ्यांना. मे महिन्यातच आण. आमचं पण तळं आहे. मज्जा असते. आयस जेवायला घालेल.”

अण्णांना कल्पना आवडली. आम्ही गेलो. रूळ मागे टाकून खारट वाऱ्यातून चालत, धुळीने पाय पांढरे करत तळ्यापाशी पोचलो, तर तळ्यात पाणी नाही. आंब्यांच्या सावलीपलीकडे नुसता काळा गाळ, वरून तडकलेला; एका कडेला बांध फोडलेला; मध्ये दोन म्हशी उभ्या. बँकेत काम करणाऱ्या एक बाई म्हणाल्या, “मास्तर, ह्यासाठी एवढं चालवलंत होय?” लोक हसले. अण्णांचा चेहरा उतरला. जन्या नेमका सगळ्यांसाठी ताडगोळे आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. तळं मे महिन्यात असं दिसतं हे त्याने आधी सांगितलं नव्हतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. दर वर्षी घडणारी गोष्ट माणूस मुद्दाम सांगत बसत नाही. उलट तेच दाखवायला त्याने बोलावलं होतं.

पारूआय आमच्यासाठी पाण्याचा हंडा घेऊन बांधावर आली होती. अण्णांनी तिला विचारलं, “बाई, इथे तळं होतं ना?”

“हाय ना. ह्यो काय.”

“मग पाणी कुठे गेलं?”

“मोरला ना तला. आमीच मोरला, गाववाल्यांनी मिलून,” असं म्हणून ती छान हसली.

“मोरला नव्हे, बाई. मोडला. ड. आणि तला नव्हे, तळं. ळ.”

“बरा, तुमचा ळ,” ती पदर तोंडाला लावून म्हणाली. “माजे जिबंला नाय जमत तो. च्या घेताव का?”

“नको. आमचं सगळं बरोबर आणलंय.”

सगळं आणलं होतंच. आम्ही तिच्या अंगणात सावलीला बसून आमची थालीपिठं खाल्ली. ह्या लोकांना मासळी चालत नाही म्हणून तिने घरची मासळी बाजूला ठेवून वालाचं बिरडं केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत लावली होती. कुणी हात लावला नाही. “पोट भरलंय हो,” म्हणाले. जन्याने ताडगोळे आणले तेही लोकांनी निरखून निरखून, नख लावून सोलून घेतले. माझी मान पकडून जन्याने मला चुलीपाशी बसवलं, म्हणून मी एकट्याने ती भाकरी खाल्ली. पाण्याच्या हाताने थापलेली, कडेला मऊ, तव्याच्या वासाची. बिरडं दोनदा घेतलं. पारूआय म्हणाली, “खा रं, कॉलिजात काय भेटतंय तुमाला?” तिचं मीठ पोटात असताना मी घरी येऊन तो लेख लिहिला.

आमच्याकडच्या एका साप्ताहिकासाठी लिहिला. नाव दिलं, ‘आपल्याच हातांनी’. पूर्वजांनी तळी खोदली, वंशजांनी बुजवली, वगैरे. त्या वयात जे वाक्य गोल वळतं ते खरं वाटतं. शेवटी पारूआयचं नाव घालून तिचं म्हणणं दिलं: ‘आम्हीच तळं मोडलं,’ पार्वतीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खेद नव्हता, त्या हसत होत्या. ती “हाय ना” म्हणाली होती. “होतं” नव्हे, “हाय”. ते मी ऐकलं होतं. लिहिताना आठवलंही होतं. ते घातलं असतं तर वाक्याचा जोर गेला असता, म्हणून घातलं नाही. ‘मोरला’चं ‘मोडलं’ केलं, कारण आमच्या घरात शुद्धच लिहायचं असतं. अण्णांनी लेख वाचला, लाल पेन हातात धरून. शेवटाला आले तेव्हा पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “हे वाक्य चांगलं आहे.” जन्मात पहिल्यांदा म्हणाले.

लेख छापून आल्यावर पुढच्या रविवारी जन्या घरी आला. दारातच, चपला न काढता उभा राहिला.

“शऱ्या, माझी आयस तुला काय म्हणाली?”

“तळं मोडलं म्हणाली.”

“म्हणजे काय?”

“मोडलं म्हणजे… मोडलं.”

“अरे ए शाण्या! बाजार मोडला म्हणतोस की नाय तू? मग बाजार मेला का? पुढच्या आठवड्याला भरतो ना? तसं तळं पण मोडतं आणि भरतं! बांध फोडायचा, मासळी सगळ्यांनी वाटून घ्यायची, गाळ सुकला की शेतात न्यायचा आणि पावसाच्या आधी बांध घालायचा. दर साल. गाळ काढला नाय तर तळं राहील का? तळं राहावं म्हणून मोडतात, येड्या. आणि तू लिहिलंस, हसत होती. हसणार नाय तर काय? मासळी भेटलेली!”

अण्णा आतून आले. बाजार मोडणं आणि बाजार भरणं, हे त्यांना माहीत नव्हतं असं मी कसं म्हणू? वर्गात तेच तर शिकवत. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता हे जन्याला बसा म्हणतील. ते म्हणाले, “मग बाईंनी तसं स्पष्ट सांगायला हवं होतं.”

स्पष्ट! आजही हा शब्द आठवला की मी एकटाच खोलीत बडबडू लागतो. ती तिच्या गावात, तिच्या तळ्याच्या बांधावर, तिच्या भाषेत, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होती. याहून स्पष्ट तिने काय सांगायचं होतं? तिला ‘ळ’ शिकवायला आम्हाला वेळ होता. “बाई, मोडला म्हणजे काय?” एवढं विचारायला नव्हता. आम्ही बघायला गेलो होतो म्हणे. पाणी नसलेलं बघितलं, फोडलेला बांध बघितला, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईला उच्चार सांगून परत आलो.

“पुढच्या अंकात खुलासा दे,” जन्या म्हणाला.

“देतो.”

“नक्की ना?”

“अरे, देतो रे.”

दिला नाही. साप्ताहिकाचे संपादक वाईट नव्हते. “दोन ओळी लिहून द्या, टाकतो,” म्हणाले होते. पण त्याच आठवड्यात सुट्टीतल्या व्याख्यानांमध्ये लेख वाचायचं आमंत्रण आलं. वाचायच्या आधी खुलासा कशाला, वाचून झालं की देऊ, असं मी मला सांगितलं. सभागृहात ते शेवटचं वाक्य वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत अण्णा बसले होते, मान हलवत होते. त्यानंतर खुलासा देणं म्हणजे ती मान थांबवणं होतं. मराठीच्या मास्तरांच्या मुलाला मराठी कळलं नाही, हे मराठीत छापायचं होतं. माझ्याने झालं नाही. कारण एवढंच होतं, याहून मोठं कारण शोधून सापडत नाही.

गाव बांध घालायच्या तयारीत असताना तळ्यात राडारोड्याच्या गाड्या येऊ लागल्या. त्या जागेवर कुणाचा तरी डोळा आधीपासून असणार. माझ्या लेखाने त्याला डोळा दिला असं मी म्हणत नाही. पण गावकरी कचेरीत गेले तेव्हा तिथल्या साहेबाने ड्रॉवरमधून माझ्या लेखाचं कात्रण काढलं आणि म्हणाला, “तुमच्याच गावचं म्हणणं आहे ना? तुम्हीच मोडलंत ना? मग आता ओरड कसली?” जन्याचे काका तिथे होते. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी त्यातलं पारूआयचं नाव वाचलं. त्या पावसाळ्यात बुजलेल्या तळ्याचं पाणी गावात शिरलं, भाताच्या कणग्या भिजल्या, आणि गावाने साहेबाला किंवा ट्रकवाल्याला नव्हे तर पारूआयला धरलं. बाहेरच्यांना घरात आणलं कुणी? बोललं कोण? हसलं कोण? कुणी म्हणालं, तिला काही तरी मिळालं असणार.

आणि मग लग्नसराई आली. एका घरच्या म्हातारीने बोलून दाखवलं, “जिच्या तोंडशी तला मोरला, तिच्या तोंडचा धवला नको गो. लगीन मोराचा हाय का?” लग्न मोडतं तेव्हा मात्र मोडतंच, ते पुढच्या आठवड्यात भरत नाही. एका घराने दुसरी धवलारीण आणली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. माझ्या शुद्ध ‘मोडलं’ने त्यांच्या शब्दाला असा काळा रंग लावला, की तो त्यांनाही धुता आला नाही. हे मला जन्याने कॉलेजच्या फाटकापाशी सांगितलं, शिवी न देता, न ओरडता. “माझी आयस गात नाय आता,” एवढं म्हणून सायकलवर बसला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही.

अण्णांबद्दल लिहायला हात आखडतो, पण मग हे प्रकरण लिहायचं कशाला? पुढच्या मे महिन्यात त्यांनी पाणफेरीत ती जागा घेतली. बुजवलेल्या तळ्यावर, विटांच्या तुकड्यांवर मंडळींना उभं करून त्यांनी माझं वाक्य तोंडपाठ म्हटलं. मी बाजूला पन्ह्याची पिशवी धरून उभा होतो. त्यांना खरं माहीत होतं. मला माहीत होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. पुढे पाणफेरीची स्मरणिका निघाली, तिच्यात तो लेख गेला. तिच्यावरून कुणी आणखी काही लिहिलं, आणि असं करत करत ते वाक्य त्या भोंग्यापर्यंत पोचलं. त्या मुलीवर मी उगाच ओरडलो. तिने छापील शब्दावर विश्वास ठेवला. आम्ही तिला तेच शिकवलं होतं.

अण्णा गेल्यानंतर काही वर्षांनी, तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी कल्याणच्या भाजीबाजारात शेवग्याच्या शेंगा निवडत होतो. समोरून आवाज आला, “मास्तरांचा पोर ना रं तू?” तो जाडसर, फाटका आवाज. केस पिकले होते, बाकी तीच. मी हो म्हणालो. “मास्तर बरं हाईत?” गेले म्हणालो. “अगो माय,” ती म्हणाली आणि शेंगांवर पाणी शिंपडत राहिली. मग हसली. “ळ बोल, ळ बोल करत व्हतं. लय हसाला यायचा मना आठवून.” रस्त्यावरून हळदीला निघालेला टेम्पो गेला, मोठ्या कर्ण्यावर गाणी लावलेली. तिने तो दिसेनासा होईपर्यंत बघितलं. “आता टेपवरच लावतान सगला,” म्हणाली.

माफीचं वाक्य माझ्याकडे तयार होतं. इतकी वर्षं ते मी तिच्या बोलीत घोकत आलो होतो. पण समोर उभं राहिल्यावर कळलं, ती बोली माझ्या तोंडून चेष्टेसारखी निघेल. आणि माझ्या शुद्ध भाषेत तर मी तिच्याशी एकदा बोलून बसलो होतो. मी पिशवीचे बंद आवळत राहिलो. तेवढ्यात तिनेच विचारलं, खालच्या आवाजात, आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाणार नाही असं:

“त्या दिशी माजा काय चुकला रं? मी वाकडा काय बोलली? मोरलाच व्हता ना तला?”

एवढी वर्षं ती स्वतःचीच चूक शोधत होती. मला फक्त “नाही” म्हणायचं होतं. तिच्या भाषेत आणि माझ्या भाषेत त्याच्यात फरक तरी किती! मी म्हणालो, “तसं नाही हो… माझी गाडी आहे.” आणि शेंगा न घेता चालू लागलो. पुढच्या आठवड्यात गेलो, त्याच्याही पुढच्या आठवड्यात गेलो. बाजार भरलेला होता. तिच्या जागी दुसरी बाई बसत होती, आणि पारूआय आता येत नाही, येणार नाही, असं तिने सांगितलं.

नाय आये, तुमी नाय चुकलाव. मोरलाच व्हता तला. चुकला तो मी.